पाठीवर लेक, पायाखाली ग्रँड पोर्टेज

अमेरिकेतल्या डुलुथहून सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने आलो, तो दिवस गाडीतच गेला. सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

पिजन नदी सरोवराला मिळण्याआधी कड्यांवरून कोसळते, तिथून होडी नेता येत नाही. म्हणून फरचे व्यापारी माल पाठीवर घेऊन साडेतेरा किलोमीटर जंगल तुडवत. हीच ग्रँड पोर्टेज, मुळात इथल्या आदिवासी ओजिब्वे लोकांची वाट. जुन्या धर्तीवर पुन्हा बांधलेल्या वखारीत मी एक गठ्ठा उचलून पाहिला. 41 किलो! नावाडी असे दोन एकदम घेत, पट्टा कपाळाला लावून. माझ्याने तो वीतभरही हलला नाही.

मग निघालो. नवऱ्याकडे तंबू, माझ्या पाठीवर तीन वर्षांची लेक. डासांनी अक्षरशः फोडून काढलं. पाणथळ जागी टाकलेल्या फळ्या ओल्या होत्या. निम्म्या वाटेत लेक रडायला लागली आणि मलाही रडू फुटलं. तिथेच बसले आणि शार्लट स्मॉल आठवली.

तिची आई क्री या आदिवासी जमातीची, वडील फरचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीचे भागीदार. ते कुटुंबाला मागे ठेवून ब्रिटनला परतले. तेव्हा असं सर्रास होई: इथल्या रिवाजाने लग्न करायचं, मुलं व्हायची आणि नोकरी संपली की साहेब मायदेशी. शार्लटने 1799मध्ये डेव्हिड थॉम्पसन या नकाशाकाराशी लग्न केलं, तेही याच रिवाजाने. 1807मध्ये तो रॉकी पर्वत ओलांडून गेला तेव्हा ती बरोबर होती. आणि तीन मुलं! थोरली सहा वर्षांची, धाकटी जेमतेम सव्वा वर्षाची. पुढच्या वर्षी एका घोड्यावरचं ओझं मुलांवर आलं आणि ती चिरडता चिरडता वाचली. थॉम्पसनने घोड्याला जागीच गोळी घातली. त्या क्षणी शार्लटच्या पोटात काय झालं असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण नकाशे त्याचे म्हणतो. पण पायताणं शिवणं, होडीच्या सांध्यांना डिंक लावणं, मांस वाळवून चरबीत कुटणं, ही बायकांची कामं नसती तर एकही होडी पुढे सरकली नसती, असं मला ठाम वाटतं.

थॉम्पसन तिला सोडून गेला नाही. 1812मध्ये मॉन्ट्रियलला चर्चमध्ये पुन्हा रीतसर लग्न केलं. तेरा मुलं झाली. 1857च्या फेब्रुवारीत तो गेला, मे महिन्यात ती.

संध्याकाळी पलीकडच्या टोकाला पोहोचलो. जागेचं नाव फोर्ट शार्लट, हिच्यावरून नव्हे. तिथे कोट नाही, भिंत नाही. गवत आणि संथ नदी. लेकीचे बूट काढले, तर टाचेला फोड. पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "आई, उद्या पण मला घेशील?"

घेतलं. परतीची सगळी वाट.