पहिले नाव कोणाचे?

नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलांच्या घरी व्हिसा, विमा आणि थंडीच्या कपड्यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते, बँकेची कामे मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलली जातात, आणि त्याचा त्रास जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्या आईवडिलांना अधिक सोसावा लागतो. आमची लेक नागपूरच्या मिहानमधील नोकरी सोडून जर्मनीला जाणार हे ठरल्यावर आम्ही तिच्यासोबत बसून घरातील सगळी पासबुके तपासली, आणि तेव्हा सर्वांत आधी पाहिला तो संयुक्त खात्यांवरील नावांचा क्रम.

१९९९ च्या ‘फेमा’ म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती गेल्यापासूनच अनिवासी मानली जाते. प्राप्तिकरातील १८२ दिवसांचा हिशेब वेगळा आहे आणि त्याची वाट पाहत थांबायचे नसते. पहिले नाव तिचे असलेले साधे बचत खाते मग तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे इथले उत्पन्न ठेवण्याचे खाते, करून घ्यावे लागते. इथेच आईवडिलांची अडचण सुरू होते. साध्या संयुक्त खात्यावर बहुधा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ अशी सोय असते, म्हणजे दोघांपैकी कोणाचीही सही चालते. एनआरओ खात्यात मात्र निवासी व्यक्तीचे नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनेच राहते, म्हणजे पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत तिचीच सही चालते. त्यामुळे खाते दुसऱ्याने चालवण्यासाठी बँकेला अधिकारपत्र दिलेले नसेल तर कालपर्यंत चालणारी आईची सही चालेनाशी होते. दवाखान्याचा खर्च अचानक उभा राहिलेल्या घरासाठी ही साधी गोष्ट नाही.

याउलट पहिले नाव आई किंवा वडिलांचे असेल, तर खाते निवासीच राहते आणि अनिवासी मुलगी त्यात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणूनही राहू शकते. अट एवढीच की त्यात तिचे स्वतःचे पैसे जमा करायचे नाहीत आणि तिने व्यवहार केला तरी तो आईवडिलांच्या वतीने, देशांतर्गत खर्चासाठीच करायचा. म्हणूनच यजमानांची पेन्शन, वीजबिल आणि औषधांचा खर्च ज्यातून चालतो, त्या खात्यावर आम्ही त्यांचे नाव पहिले ठेवले. लेकीचे खाते धरमपेठेतील शाखेत एनआरओ करून घेतले आणि त्याचे अधिकारपत्र माझ्या नावे दिले. मुखत्यारपत्र हवे असेल तर तेही निघण्यापूर्वी इथेच करावे. परदेशात केल्यास ते तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागते आणि इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

परदेशातील पगारातून जे घरी पाठवायचे, त्यासाठी एनआरई, म्हणजे परदेशातील कमाई ठेवण्याचे अनिवासी खाते वेगळे उघडावे. त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो आणि त्यातून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतात, तेही कर भरल्याचे दाखवून. तरीही भाडे, लाभांश अशा इथल्या उत्पन्नासाठी एनआरओ लागतेच. मनीषनगरसारख्या भागात मुलांच्या नावे घेतलेले फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मालक अनिवासी झाला की भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि हे त्याला आपणच वेळेत सांगायला हवे.

अनिवासी झाल्यावर आधीचे पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते पंधरा वर्षांच्या मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही आणि मुदत वाढवताही येत नाही.

मोबाइलचे काम छोटे, पण सगळे त्याच्यावर अडते. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि बँकेचे ओटीपी येणेच थांबते. त्यामुळे परदेशातील क्रमांक खात्याला जोडता येतो का, हे अर्ज भरतानाच शाखेत विचारावे. येत नसेल तर इथल्या क्रमांकाचे रिचार्ज आणि रोमिंग चालू ठेवण्याचे काम घरातील एकाने आपल्याकडे घ्यावे. आमच्याकडे ते मी घेतले आहे.