डाळ शिजवणारं बोअर

किनवट तालुक्यातल्या एका गावाच्या पाण्याच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेत तपासणीला आल्या. एक नळयोजनेच्या विहिरीची, दुसरी त्याच टाकीला जोडलेल्या बोअरची. बोअरचा सामू (पीएच) ८.६, कठीणपणा लिटरला ७० मिलिग्रॅम आणि अल्कता ४१० दिसली, तेव्हाच फ्लोराइड जास्त निघणार हे कळलं होतं. ग्रॅनाइटच्या खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर, म्हणजे कठीणपणा जास्त असेल, तर फ्लोराइडपैकी बरंचसं त्याच्याशी जुळून साक्यात, म्हणजे तळाच्या गाळात जातं, नसेल तर पाण्यातच राहतं.

दहा मिली नमुना, दहा मिली टिसॅब (फ्लोराइड मोजण्याआधी नमुन्यात मिसळायचं द्रावण), प्लास्टिकचा बीकर, मंद ढवळणी. टिसॅबमध्ये काटकसर चालत नाही. ॲल्युमिनियम आणि लोहाने धरून ठेवलेलं फ्लोराइड तेच सोडवतं. ते कमी पडलं की आकडा कमी येतो आणि दूषित पाणी पास होतं. १ आणि १० मिलिग्रॅमच्या प्रमाण द्रावणांमध्ये फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा फरक ५४ ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान आला नाही, तर पुढचं वाचन घेण्यात अर्थ नाही. बोअरचं फ्लोराइड ३.४ आलं. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. गावातल्या किटने १.० दाखवलं होतं. किटचा रंग दिवसाउजेडी, सावलीत जुळवायचा असतो. पिवळ्या बल्बखाली जुळवला की असं होतं. किट वाटली जातात, पण ही गोष्ट शिकवायला कुणी थांबत नाही.

विहिरीत फ्लोराइड फक्त ०.४, पण कठीणपणा ६४० आणि नायट्रेट ६२. नायट्रेटला ४५च्या वर कसलीच सूट नाही. कारण जागेवर गेल्यावर दिसलं: उकिरडा विहिरीला खेटून आणि कठड्याला भेग. पंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवून टाकली होती. तिने जंतू मरतात, नायट्रेटला काही होत नाही. पाणी उकळलं तर उलट ते वाढतं.

बोअरजवळच्या तोटीवर बायकांची रांग होती. ‘विहिरीच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, भाऊ. बोअरचं पाणी गोड आहे.’ त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. कठीण पाण्यात डाळ गोटा राहते, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम कमी आहे म्हणून ती मऊ होते. त्याच कारणाने त्यात फ्लोराइड टिकून आहे. चवीने पाणी पारखणाऱ्या माणसाला इथे हमखास वाईट पाणीच चांगलं वाटणार. जास्त फ्लोराइडने दात खराब होतात, आणि दात येण्याच्या वयातली पोरं तेच पीत होती.

मी अजून ज्यावर विचार करतो ते मिश्रण. बोअरमध्ये नायट्रेट ६. एक भाग बोअर आणि दोन भाग विहीर असं टाकीत घेतलं तर फ्लोराइड १.४ आणि नायट्रेट ४३ येतं. कागदावर दोन्ही चालतात, कठीणपणाही साडेचारशेच्या आसपास उतरतो. पण हे प्रमाण कोण राखणार? बोअरला वॉटर मीटर नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की बोअर एकटंच टाकी भरतं आणि नळाला तीनच्या वर फ्लोराइड येतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर उकिरड्याचा निचरा विहिरीत उतरतो आणि नायट्रेट चढतं. रासायनिक तपासणी मात्र वर्षातून एकदाच. त्या दिवशी कोणता पंप चालू होता, यावर गावाचं पाणी योग्य की अयोग्य ते ठरतं, आणि नमुन्याच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही. ही उणीव मला संतापजनक वाटते.

सरपंचांना मिश्रणाचा आकडा हवा होता. मी तो अहवालात लिहिला नाही. लिहिला असता तर मे महिन्यातही तोच कागद दाखवून टाकी भरली गेली असती. शेऱ्यात लिहिलं ते असं: बोअरची तोटी पिण्यासाठी बंद, वापरासाठी चालू, उकिरडा हलवावा, कठडा दुरुस्त करावा, सहा महिन्यांखालच्या बाळाच्या वरच्या दुधात यातलं कुठलंच पाणी घालू नये, दोन्ही स्रोतांचे आणि टाकीचे नमुने मे आणि ऑगस्टमध्ये वेगवेगळे पाठवावेत, बाटलीवर चालू पंपाचं नाव लिहून. पर्यायी स्रोताचा प्रस्ताव वर गेला आहे. तोवर त्या घरांनी डाळ कशात शिजवायची, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.