भीती नेमकी उशिराच का येते

आज मन थाऱ्यावर नाही. टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या एका आईच्या घरी आज भेटीला गेले होते. कारण म्हटलं तर एवढंसं. ओट्याखालच्या फळीवर एक ताट, एक वाटी आणि स्टीलचा पेला तिच्यासाठी वेगळा काढून ठेवलेला, आणि तिन्हींवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. चुकून दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून. "बघा ताई, किती काळजी घेतो आम्ही," तिची मोठी जाऊ म्हणाली. त्याच खोलीची एकुलती एक खिडकी गच्च बंद होती, फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. गल्लीतली धूळ येते म्हणे.

राग आला की रडू, अजून कळत नाही. बाळाची आई भिंतीकडे बघत बसली होती. जाऊ दे ते.

ताटवाटीतून टीबी होत नाही. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलतानाही तोंडातून थेंब उडतात. त्यातलं पाणी हवेतच सुकतं आणि जंतू असलेला १ ते ५ मायक्रॉनचा कण उरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बंद खोलीत तो तासन् तास तरंगतो, आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोलवर पोचला तरच लागण होते. भांड्यावरचा जंतू तिथवर जात नाही. साबणाने भांडं घासलं की झालं. हे सगळं आज पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं, आणि या कामात रोज हेच पदरी येतं. कधी कधी वाटतं, आपण बोलतो ते कोणाच्या कानापर्यंत तरी जातं का?

पण मला खुपतंय ते ताट नव्हे. खुपतंय ते त्याचं वेळापत्रक. खोकला दिवाळीपासून होता. आधी दुकानातून आणलेलं पातळ औषध, मग एका डॉक्टरांचं पाच दिवसांचं अँटिबायोटिक, मग दुसऱ्यांचं. त्या सगळ्या काळात एका खोलीत ओळीने अंथरुणं पडत होती आणि बाळ तिच्या कुशीत झोपत होतं. धोका तेव्हा होता, आणि तेव्हा कोणालाही भीती वाटली नाही. मग सकाळच्या बेडक्याची तपासणी झाली, सीबीनॅट या बेडक्यातले जंतू शोधणाऱ्या यंत्राने टीबी आहे आणि रिफाम्पिसिन हे त्यावरचं मुख्य औषध लागू पडेल असं सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. वजन ४१ किलो, म्हणून चार औषधांच्या एकत्रित गोळीच्या रोज तीन, एकाच वेळी. औषध लागू पडत असेल आणि गोळी चुकत नसेल तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण करण्याची ताकद बरीचशी ओसरते. आणि तिसऱ्या आठवड्यात भांड्यांवर ठिपके येतात! म्हणजे निदानाच्या दिवशी धोका उतरणीला लागतो आणि भीती चढणीला.

घरात तर एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. दीर म्हणतात दवाखान्यात ठेवा. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, बाळाला सहा महिने लांब ठेवा. सासूबाई म्हणतात माहेरी पाठवा. नवरा काहीच म्हणत नाही, त्यावर आज लिहिणार नाही.

माहेरी पाठवायचं तर निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तिचं नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग व्हायला हवं, तिथल्या माणसाला आधी फोन जायला हवा आणि निघताना हातात पुरेशा गोळ्या हव्यात. घाईने बॅग भरून एसटीत बसवलं की हे तिन्ही राहून जातं. मग खंड पडतो. खंड पडला की उरलेले चिवट जंतू वाढतात, आणि औषधाला दाद न देणारा टीबी तयार होऊ शकतो. ज्या लागणीला घाबरून तिला घराबाहेर काढायचं, तीच अधिक वाईट रूपात परत येण्याची ही वाट.

आणि रुग्णाला घरी ठेवायचं की बाहेर, याचं उत्तर आजचं नाही. १९५६ मध्ये मद्रासला याचा रीतसर अभ्यास सुरू झाला. दाटीवाटीच्या, गरीब वस्तीतले रुग्ण, काही घरी आणि काही सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या रुग्णालयात, औषधं तीच. घरच्यांचं जेवण बेताचं, विश्रांती कमी, तरी गुण जवळजवळ सारखाच आला. घरातल्या माणसांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांच्यात टीबी वाढलेला दिसला नाही. त्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक उपचाराआधीच होऊन गेली होती. त्यानंतर जगभर सॅनेटोरियमं ओस पडत गेली. आमच्या गल्लीत मात्र अजून खाट वेगळी.

निघताना सासूबाई जिन्यापर्यंत आल्या. त्यांच्या थोरल्या भावाचं त्यांनी सांगितलं, अर्धंच. रक्ताची गुळणी, परसातली खोली, आणि मग काही नाही. मी पुढे विचारलं नाही. तेव्हापासून मघाचा राग उतरत गेला. ही भीती कोणी शिकवलेली नाही, त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या मायक्रॉनांनी ती पुसली जाणार नाही, हे आता मान्य करून टाकते. भीती राहू दे, पण तिच्या हाताला काम तरी देता येईल.

म्हणून उद्या ताटाचा विषय काढायचाच नाही. खिडकीतले बोळे काढायचे, समोरचं दार दिवसा उघडं ठेवायचं. तिचं अंथरूण खिडकीशी, आणि टेबलफॅन बाकीच्यांच्या पाठीमागे, वारा खिडकीबाहेर जाईल असा. तोंडावर मास्क. थुंकायला झाकणाचा डबा, तळाशी फिनेल, रोज संडासात ओतायचा. लघवी केशरी होते ती गोळीमुळे, रक्त नव्हे, हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगायचं, कारण तेवढ्यावरून गोळ्या बंद केलेली माणसं पाहिली आहेत. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपयांप्रमाणे पैसे खात्यात यायचे आहेत, पण खातं नवऱ्याच्या नावावर आहे, तेही बघायला हवं.

बाळाला लांब ठेवायचं नाही. अंगावरचं दूध चालू राहील, पाजताना मास्क. मात्र बाळाचा ताप, खोकला, वजन आणि एक्स-रे आधी, आणि टीबी नाही अशी खात्री झाली की तो होऊ नये म्हणून आयसोनियाझिड हे औषध, किलोमागे १० मिलिग्रॅम, रोज, सहा महिने. बाळ ९ किलोचं आहे, म्हणजे ९० च्या आसपास. १०० ची विरघळणारी एक गोळी बसते. कॅलेंडरवर रोज खूण करायचं काम सासूबाईंना सांगणार आहे. एक्स-रेसाठी शुक्रवारी सकाळी नेऊ, गर्दी कमी असते.