बाणूसाठी ड्रमचं घर

निळे 200 लिटरचे प्लास्टिकचे ड्रम साताऱ्यात एमआयडीसीच्या आसपास भंगारात हमखास मिळतात. आत आधी काय भरलेलं होतं, हे मात्र विचारूनच घ्यावं. मला पहिल्यांदा दाखवलेल्या ड्रमचं झाकण उघडताच डोळ्यांना झोंबलं. शेवटी लोणच्याच्या कारखान्यातून आलेला एक मिळाला. साबणाच्या पाण्याने घासघासून धुतला, उन्हात टाकला, तरी मोहरीचा वास काही दिवस दरवळत होताच.

बाणू आमच्या सोसायटीची कुत्री. शेजारच्या मावशी दरवर्षी पालीच्या खंडोबाला जातात, नाव त्यांनीच ठेवलेलं. पावसाळ्यात ती पार्किंगमध्ये गाड्यांखाली कुडकुडत बसायची.

ड्रम लहान पडेल, असं सगळ्यांचं म्हणणं. पण आडवा ठेवला की आत तीन फूट लांबी आणि पावणेदोन-दोन फूट रुंदी मिळते. आपल्या गावठी कुत्र्याला अंग मुडपून बसायला एवढं पुरतं. आतली हवा तापते ती कुत्र्याच्याच अंगाच्या उबेने, त्यामुळे प्रशस्त खोली केली की ऊब पसरून जाते. माया म्हणून मोठं घर बांधू नये.

झाकणाच्या बाजूला भोक पाडलं, खाली सहा इंचांची पट्टी तशीच ठेवली, म्हणजे पेंढा बाहेर येत नाही आणि पाणी आत उडत नाही. कापलेली कड सुरीसारखी लागते. बागेतली जुनी पाईप उभी चिरून तिच्यावर चढवली. तळाला बारीक भोकं पाडली, तोंडाकडे किंचित उतार दिला. खाली विटांवर लाकडी पॅलेट. पॅलेटवर ‘एचटी’ शिक्का असेल तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते नकोच. ड्रम गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाचरी ठोकल्या. वरून गोणपाट आणि त्यावर निवडणुकीचा जुना फ्लेक्स, चेहरे आतल्या बाजूला. फ्लेक्सची पांढरी पाठ वर आल्यामुळे उन्हाळ्यातही फायदा होतो, शिवाय जागा करंजाच्या सावलीत निवडली.

तोंड कुठे करायचं यावर खूप खल झाला. पावसाची झड पश्चिमेची, थंडीतलं बोचरं वारं पूर्व-उत्तरेचं, म्हणून मी दक्षिण धरली. मावशी म्हणाल्या, “अगं, दक्षिण यमाची! दार तिकडं करतात का कुणी?” मी म्हटलं, “मावशी, यमाच्या दारात राखणीला कुत्रीच असतात की.” मग त्या हसल्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींची अडचण वेगळी होती. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब असावी, असं आहे. निवाऱ्याबद्दल ते कलम नाही, पण मी तोच निकष लावून ड्रम मागच्या कुंपणाला ठेवला. बाणूची नसबंदी झालेली, कानाला खूण आहे. सेक्रेटरी काही बोलले नाहीत, म्हणजे चाललं.

अंथरायला गोधडी अजिबात नको. ओली झाली की दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुत्रं त्याच ओलीवर झोपतं. उसाचं पाचट आपल्याकडे फुकट, पण त्याची पात कापते. भाताचा पेंढा उत्तम. जावळीकडून दूध घालायला येणाऱ्या काकांनी दोन पेंढ्या गाडीला बांधून आणल्या. पेंढा मऊ पडला, दमट वास यायला लागला की बदलायचा आणि तेव्हाच गोचीड आहेत का बघायचं.

बाणू लगेच आत गेली नाही. ढकललं असतं तर पुन्हा फिरकली नसती. पार्किंगमधलं तिचं जुनं पोतं आत टाकलं, भाकरी तोंडाशी ठेवायला लागले, रोज थोडी आत सरकवली. पहिल्या जोराच्या सरीला तीच शिरली.

आता मागच्या गल्लीतल्या दोघांना असेच ड्रम हवेत. भंगारवाल्याला कुणकुण लागली बहुतेक, लोणच्याच्या ड्रमचा भाव त्याने दोनशेने चढवलाय.