आकारबंदातील ५ एकर २५ गुंठ्यांचा छडा लागला

वाई तालुक्यातील माझ्या आजोळच्या वाडीच्या जुन्या आकारबंदाचे (प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र आणि आकारणी नोंदवणाऱ्या सरकारी नोंदपत्रकाचे) हेक्टर-आरमध्ये रूपांतर का अडले होते, याचा उलगडा अखेर काल रात्री झाला. आकारबंदाच्या तळाशी एकूण क्षेत्र ४१२ एकर २६ गुंठे लिहिलेले आहे. माझ्या संगणकीय तक्त्यात मात्र त्याच ६४ सर्व्हे नंबरांची बेरीज ४०७ एकर १ गुंठा येत होती. ५ एकर २५ गुंठे, म्हणजे सुमारे २ हेक्टर २८ आर जमीन, माझ्याकडे कमी भरत होती.

पहिला संशय गुणकावर गेला. ३३ फूट साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. व्यवहारात आपण सर्रास ‘गुंठा म्हणजे आर’ असे म्हणतो, आणि तसे धरले तर क्षेत्र १.१६ टक्क्यांनी कमी येते. माझी तूट १.३६ टक्के होती. हे दोन आकडे इतके जवळचे होते की, तक्त्यात कुठेतरी गुंठ्याला आर धरले गेले असणार, या समजुतीने मी दोन आठवडे एकेक सूत्र तपासत राहिलो. त्यानंतर फुटाच्या व्याख्येकडे वळलो. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारात यार्ड ०.९१४४ मीटर ठरला आणि त्याआधीचा फूट किंचित वेगळा होता, हे खरे. पण तो फरक लांबीत लाखात एकापेक्षाही कमी असल्याने त्यातून एकरांची तूट निघणे शक्य नव्हते.

मूळ आकारबंदातील बेरीजच चुकली असेल का, हे पाहण्यासाठी मग गावनकाशा काढला. नकाशाचे माप एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट असे आहे. त्यामुळे एक चौरस इंच बरोबर १० एकरांचा होतो. या मापाची सुबकता मला दरवेळी नव्याने भावते. मापपट्टीवरून कागदाचे आकुंचन दुरुस्त करून चौकटी मोजल्या, तेव्हा ४१.२ चौरस इंच भरले. आकारबंद निर्दोष ठरला आणि दोष माझ्याच तक्त्यात असल्याचे निश्चित झाले. (साताऱ्यात मिळणारा आलेखकागद मिलिमीटरचा असतो आणि एक चौरस इंच म्हणजे ६४५.१६ चौरस मिलिमीटर; ही आकडेमोड टाळण्यासाठी इंची चौकटींचा पारदर्शक कागद स्वतः छापून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.)

शेवटी गुंठ्यांचा स्तंभ वेगळा काढून चढत्या क्रमाने लावला आणि त्यात १०, २० किंवा ३० हा आकडा एकदाही नसल्याचे दिसले. १, २ आणि ३ मात्र वाजवीपेक्षा जास्त वेळा होते. मी ‘२ एकर ३० गुंठे’ हे ‘२.३०’ असे टंकत होतो, तक्ता त्याला दशांश अपूर्णांक समजून शेवटचे शून्य गाळत होता आणि माझे सूत्र उरलेल्या ‘२.३’ मधून ३ गुंठे वाचत होते. अशा १२ नोंदी निघाल्या: १० गुंठ्यांच्या चार, २० च्या तीन आणि ३० च्या पाच. त्यांची तूट ३६, ५४ आणि १३५ मिळून २२५ गुंठे, म्हणजे नेमकी ५ एकर २५ गुंठे. बेरीज जुळली त्या क्षणाचा आनंद फार मोठा होता.

आता एकर आणि गुंठे यांचे स्तंभ वेगळे केले आहेत. प्रत्येक नंबरासमोर हेक्टर-आर लिहून मग बेरीज करायची, असे आधी ठरवले होते; पण प्रत्येक नोंद जवळच्या आरपर्यंत आणली, तर ६४ नोंदींत मिळून ३२ आरपर्यंत फरक पडू शकतो. हे लिहिता लिहिताच सुचले की, सर्व क्षेत्रे आण्यांतच साठवावीत. १६ आण्यांचा गुंठा आणि ६४० आण्यांचा एकर असल्याने सगळे आकडे पूर्णांक राहतील, दशांश चिन्हाचा प्रश्नच उरणार नाही आणि ६.३२३२ चौरस मीटरने एकदाच, अगदी शेवटी गुणता येईल. त्यामुळे पोटखराब्याचा, म्हणजे सर्व्हे नंबरातील लागवडीस अयोग्य जमिनीचा तक्ता, जो या रविवारी जुन्या पद्धतीने पूर्ण करणार होतो, तोही आता आण्यांत नव्याने भरायला घेतला आहे.