रिमिनीतली एकादशी

४ जुलै २०१७. तारीख विसरणं शक्य नाही, कारण त्या दिवशी आषाढी एकादशी होती. मी टूर लीडर म्हणून ग्रुप घेऊन इटलीत होते. ग्रुपमधल्या वेंगुर्ल्याच्या आजींचा उपास होता. त्यांच्यासाठी फळं आणि उकडलेले बटाटे ठेवायला मी आदल्या रात्रीच हॉटेलच्या किचनमध्ये सांगून आले होते.

सान मारिनो पाहून आम्ही इटलीच्या किनाऱ्यावरच्या रिमिनी गावात मुक्कामाला होतो. सकाळ मोकळी, म्हणून सगळ्यांना समुद्रावर नेलं. समुद्रस्नानासाठीचं पहिलं केंद्र इथं १८४३ साली उघडलं. आता जवळजवळ पंधरा किलोमीटर वाळूवर छत्र्याच छत्र्या दिसतात. किनाऱ्याचे तुकडे पाडलेले आहेत. प्रत्येक तुकड्याला 'बान्यो' म्हणतात, आणि त्याला नंबर असतो. बंदरापाशी एक नंबर, तिथून पुढे दक्षिणेला आकडे वाढत जातात. आम्ही साठ नंबरच्या बान्योच्या आसपास होतो. छत्र्यांचा रंग दर बान्योला बदलतो, पण पाण्याच्या कडेनं चालताना ते कोणाच्या ध्यानात येतं?

साडेदहाला मी माणसं मोजली. सदतीसच भरली, एक कमी. पुन्हा मोजली, तरी सदतीस. आजींची सून धावत आली. "ताई, आई इथंच पाय भिजवत होत्या हो!"

आजींकडे फोन नव्हता. हॉटेलचं कार्डही नव्हतं. रोज सकाळी ते मी स्वतः प्रत्येकाच्या हातात देते. त्या दिवशी दोन पावलांवर समुद्र म्हणून दिलं नाही. ती चूक माझी.

बान्यो सांभाळणाऱ्याला तिथं बान्यीनो म्हणतात. आमचा बान्यीनो साठीचा, उन्हानं रापलेला. त्यानं आधी पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिथं समुद्र उथळ आहे, कितीतरी आत गेलं तरी पाणी कमरेइतकंच. तरी साल्वाताज्जोची, म्हणजे जीवरक्षकाची, लाल होडी कडेनं निघाली. मग त्यानं मला एकच विचारलं, "कपडे कसे?" मी मोबाइलवर त्या सकाळचा फोटो दाखवला. निळी साडी, हिरवा काठ, पांढरे केस. त्यानं फोन लावला.

दोन मिनिटांत किनाऱ्यावरच्या खांबांवरचे कर्णे बोलू लागले. ही पुब्लीफोनो. हरवलेल्या मुलांची नावं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून याच कर्ण्यांवरून पुकारली जातात. इटालियन मला कामापुरतंच कळतं. 'सिन्योरा', 'इंदियाना', 'सारी ब्लू' एवढं समजलं आणि माझा धीरच सुटला. आजींना मराठी आणि मालवणी सोडून काही येत नाही, हे पुकारणं त्यांना काय कळणार? मी बान्यीनोला तसं म्हटलं. तो म्हणाला, "तिला कळायची गरज नाही. बाकीच्यांना कळलं."

मी वळून पाहिलं. छत्र्यांखाली आडवी झालेली माणसं उठून बसली होती. बायका उभ्या राहून कपाळावर आडवा हात धरून दोन्हीकडे पाहत होत्या. इतकी वर्षं मी माणसं सांभाळते, पण माझ्या एका माणसासाठी अख्खा किनारा असा उठलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

बान्यीनोनं बंदराच्या दिशेला बोट केलं. सकाळी हरवलेलं माणूस सूर्य पाठीवर घेऊन चालतं, डोळ्यांवर ऊन घेऊन कोणी चालत नाही, असं त्याचं म्हणणं. सुनेला ग्रुपपाशी थांबवून मी त्या बाजूला पळत सुटले. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याच्या फोनवरून निरोप आला, आजी सापडल्या. अगदी टोकाला, बंदराच्या दगडी धक्क्यापाशी.

मी पोहोचले तेव्हा त्या एका कुटुंबाच्या छत्रीखाली बसल्या होत्या. हातात पीच. समोर पिआदीना, म्हणजे तिथली पोळी, तशीच राहिलेली. घरातली बाई मला खुणेनं सांगत होती की ही काही खातच नाही, फळ तेवढं घेतलं. मी तिला एकादशी समजावायचा प्रयत्न केला. शेवटी तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"आजी, एवढ्या लांब कशाला आलात?"

"माणसं चालत होती ना गं, म्हणून मीही चालले."

खरंच होतं ते. रिमिनीत सकाळी शेकडो लोक पाण्याच्या कडेनं चालतात, पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे अनवाणी. पुढे बंदरापाशी उन्हाळ्यात उभा केलेला मोठा आकाशपाळणा लांबूनच दिसतो.

"पाळणा दिसला," आजी म्हणाल्या. "म्हटलं, जत्रा आहे. आजचा दिवस, म्हणजे देऊळही असणार. दर्शन घेऊन येते. मग वाटच संपली. म्हटलं, इथंच बसावं, शोधायला येणारं माणूस किनाऱ्यानंच येणार."

कर्णे पुन्हा वाजले. आजी सापडल्याचं सांगत होते. आजूबाजूच्या लोकांनी आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. आजींनी पदर सावरला आणि सगळ्यांना हात जोडले. परत निघताना त्यांनी पीचची बी पदराच्या टोकात बांधली, आणि धक्क्याकडे वळून एकदा नीट पाहिलं.

"माणसं होती, पाळणा होता," त्या म्हणाल्या. "देऊळ तेवढं दिसलं नाही."