माल्कमच्या रिफ आणि एमसीजीवरची रात्र

मेलबर्नच्या भर वस्तीत एक अरुंद गल्ली आहे. पूर्वी तिला कॉर्पोरेशन लेन म्हणत. २००४ साली महापालिकेने तिचं नाव एसी/डीसी लेन केलं. चालत्या-वाजत्या रॉक बँडचं नाव गल्लीला! आपल्याकडे रस्त्याला नाव मिळायला माणसाला आधी जावं लागतं. पण या गावाचा त्या बँडवर किती जीव आहे, हे नीट उमगलं ते १२ नोव्हेंबर २०२५ ला. दहा वर्षांनी एसी/डीसी ऑस्ट्रेलियात वाजवणार होते. त्याच दिवशी फेडरेशन स्क्वेअरमध्ये ३७४ जणांनी एकत्र बॅगपाइप वाजवून विश्वविक्रम केला. गाणं होतं ते १९७६ साली बँडने समोरच्याच स्वान्स्टन स्ट्रीटवर, चालत्या ट्रकवर उभं राहून चित्रित केलेलं. संध्याकाळी सगळी गर्दी एमसीजीकडे वळली, म्हणजे आपण बॉक्सिंग डे कसोटीला डोळे लावून बसतो त्याच मैदानाकडे.

ज्या अल्बमच्या नावाने हा दौरा निघाला तो 'पॉवर अप'. तो आला १३ नोव्हेंबर २०२० ला. आम्हा मेलबर्नकरांना ती तारीख विसरता येणार नाही, कारण ११२ दिवसांचा लॉकडाउन संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते. स्वयंपाकघरात स्पीकर मोठ्याने लावून मी तो पहिल्यांदा ऐकला. तोवर हा बँड संपला असं जवळपास सगळ्यांनी धरलं होतं, आणि तसं वाटायला कारणंही होती. २०१६ मध्ये गायक ब्रायन जॉन्सनला ऐकू येईनासं झालं आणि दौरा अर्धवट सोडावा लागला. ड्रमर फिल रड न्यूझीलंडमध्ये कोर्टकचेऱ्यांत अडकला होता. बास वाजवणारा क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये बँड उभा करणारा गिटारवादक माल्कम यंग गेला.

इथे थोडं मागे जावंच लागेल. यंग कुटुंब मूळचं ग्लासगोचं. १९६३ मध्ये सरकारी मदतीच्या योजनेतून त्यांनी बिऱ्हाड सिडनीला हलवलं. सुरुवातीला मुक्काम होता व्हिलावूडच्या स्थलांतरितांच्या हॉस्टेलात. माल्कम तेव्हा दहा वर्षांचा, धाकटा भाऊ अँगस आठ. थोरल्या भावाने, जॉर्जने, त्या हॉस्टेलात भेटलेल्या मुलांना घेऊन 'ईझीबीट्स' काढला, आणि त्याचं पाहून धाकटे दोघं १९७३ मध्ये स्वतःचा बँड काढते झाले. नाव सुचवलं बहीण मार्गारेटने, शिलाई मशीनवरची अक्षरं पाहून. अँगसने शाळेचा गणवेश घालून वाजवावं ही कल्पनाही तिचीच. आज सत्तरीत तो त्याच गणवेशात, हाफपँट घालून स्टेजवर धावतो. परक्या देशात आलेलं एक अख्खं घर या कामाला लागलं होतं. दूर देशी राहणाऱ्या मला या बँडचं हेच सर्वांत जास्त भावतं.

लोकांच्या नजरा अँगसवर असतात, पण इमारत माल्कमची. तो मागे ॲम्प्लिफायरच्या भिंतीला लागून उभा राहायचा, कोरसपुरता माइकपाशी यायचा आणि परत मागे. हातात १९६३ ची ग्रेच गिटार, तारांचा आवाज टिपणारे तिचे दोन पिकअप काढून टाकलेले, तारा जाड. मोकळे कॉर्ड वाजवायचे, आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामीच ठेवायची. हा बँड 'एकच अल्बम पुन्हा पुन्हा काढतो' असं म्हणणाऱ्यांनी ती रिकामी जागा एकदा कान देऊन ऐकावी. ती सांभाळणं फार अवघड आहे.

या माणसाला स्मृतिभ्रंश झाला. 'ब्लॅक आइस' या अल्बमच्या दौऱ्यात त्याला स्वतःच रचलेल्या रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, पुन्हा शिकाव्या लागत होत्या. तरी त्याने तो दौरा पुरा केला.

तो गेल्यावर अँगसने दोघांनी वर्षानुवर्षं साठवलेली रेकॉर्डिंग काढली. अर्धवट रिफ, कल्पना, तुकडे. त्यातले बरेच 'ब्लॅक आइस'च्या आधीचे. त्यातून 'पॉवर अप'ची बारा गाणी उभी राहिली, आणि बाराही गाण्यांवर रचनाकार म्हणून नावं दोघांची आहेत, अँगस आणि माल्कम. २०१८ मध्ये व्हँकूवरच्या वेअरहाउस स्टुडिओत ब्रेंडन ओब्रायन या निर्मात्याबरोबर रेकॉर्डिंग झालं. ब्रायन, फिल, क्लिफ, सगळे परत आले. माल्कमच्या जागी होता स्टीव्ही यंग, त्यांचा पुतण्या. नात्याने पुतण्या असला तरी वयाने अँगसहून जेमतेम पावणेदोन वर्षांनी लहान.

एमसीजीवर मी मुद्दाम स्टीव्हीकडे पाहत होते. आजूबाजूला प्रेक्षकांच्या डोक्यावरची हजारो लाल शिंगं लुकलुकत होती, आजोबा-नातवंडं एकसारखे टीशर्ट घालून आलेली, आणि हा माणूस काकाच्याच जागी, ड्रमच्या शेजारी, हलत नव्हता. दौऱ्यात फिल आणि क्लिफ नाहीत. मॅट लॉग ड्रमवर आणि ख्रिस चेनी बासवर आहे. दोघंही चोख वाजवतात. ब्रायन तेव्हा ७८ वर्षांचा. काही ठिकाणी आवाज चिरतो, वरच्या पट्टीला तो पोहोचत नाही, तिथे प्रेक्षक गाणं उचलतात. मला त्यात काही कमी वाटलं नाही. ऐकू येईनासं झालेला गायक कानात बसवायच्या नव्या यंत्राच्या मदतीने पुन्हा स्टेडियममध्ये गातो आहे, त्याच्यापुढे एखादा सूर हुकला तर हुकला.

एक तक्रार मात्र आहे. 'पॉवर अप'मधली दोनच गाणी वाजवतात, बाकी सगळी जुनी. जुनी नको होती असं नाही, पण 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम' हे त्या अल्बमातलं माझ्या मते सगळ्यात सुंदर गाणं आहे, आणि त्यात माल्कम सगळ्यात जास्त जाणवतो. तुम्ही पुण्यात, नाशकात, कुठेही असाल, पुढच्या प्रवासात हेडफोन लावून ते एकदा ऐका, आणि कसं वाटलं ते मला कळवा.